गाळाचे वय

आपल्या भाषेने गाळावर मोठा अन्याय केला आहे. एखाद्याचा धंदा बुडाला, की तो गाळात गेला असे आपण म्हणतो. कर्जबाजारी माणूस गाळात रुततो, आणि त्याला हात द्यायला गेलेला मेहुणाही बहुधा त्याच्यामागोमाग ओढला जातो. दिवाळीच्या आधी घरोघर माळे झाडले जातात, पाण्याच्या टाक्या घासल्या जातात. तेव्हा टाकीच्या तळाशी बसलेल्या चार बोटे चिखलाकडे गृहिणी ज्या नजरेने पाहते, ती नजर काही आदराची नसते. गाळ म्हणजे काढून टाकावयाची वस्तू, एवढीच त्याची ओळख.

मी मात्र गेली दोन वर्षे ह्या गाळाच्या नादी लागलो आहे. "लोक निवृत्त झाल्यावर तीर्थयात्रा करतात, तुम्ही गाळ उपसता," असे मला घरातून अधूनमधून ऐकविले जाते. ह्या नादाला कारण माझे मामा, आणि मामांच्या एका प्रश्नाला कारण वालूरचा पाऊस.

वालूर माझे आजोळ. परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. सेलू स्टेशनवर उतरावे आणि पुढे मोटारीने जावे. गाव जुने आहे; वाल्मीकी ऋषींवरून त्याला हे नाव पडले असे गावात सांगतात. गावात जुन्या बारवा आहेत, आणि त्यांतली एक तर अशी आहे की पाहणारा काठावरच थबकतो. विहीर गोल, आणि तिच्या पायऱ्या सरळ खाली न उतरता चक्रासारख्या फिरत फिरत पाण्याकडे जातात. कितीतरी वर्षे ह्या बारवेत गाळ व झाडोरा माजला होता. अलीकडे गावकऱ्यांनी मनावर घेतले आणि श्रमदानाने ती मोकळी केली. बारव मोकळी झाली तसे मामांच्या मनातही एक पाणी हलले. त्यांच्या शेतात आजोबांच्याही आधीची एक दगडी बांधणीची विहीर आहे. बोअर घेतल्यापासून तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते. बोअर आता उन्हाळ्यात नुसती हवा ओकते, आणि विहीर गळ्यापर्यंत गाळाने भरलेली.

मामांची मुले पुण्याला असतात. दोघेही गुणी, आईबापांना जपणारे. त्यांचे म्हणणे असे, की ह्या कोरड्या जमिनीत बापाने आता किती दिवस जीव काढावा? जमीन विकावी, आईवडिलांनी पुण्याला यावे. ह्यात गैर काय आहे? पण मामांचे वय अठ्ठ्याहत्तर. त्यातली सत्तर वर्षे त्या मातीत गेलेली. मुलांना ते हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. मी भेटायला गेलो तेव्हा रात्री अंगणात बाजेवर बसून ते मला म्हणाले, "तू मुंबईत शिकला-सवरलेला माणूस. पाऊस आता असाच राहणार, का पुन्हा पहिल्यासारखा होणार, तेवढं कुणाला तरी इचारून सांग. पोरं जमीन इकायची म्हणायलेत. मला एकदा कळू दे."

'पहिल्यासारखा पाऊस' हा शब्दप्रयोग मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडायला गेले, तेव्हा म्हातारी माणसे हेच म्हणत. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, तेव्हाही हेच कानांवर आले. प्रत्येक पिढीचा 'पहिला पाऊस' तिच्या बालपणी पडून गेलेला असतो. माणसाची आठवण फार तर तीन पिढ्या मागे जाते. सरकारी पर्जन्यमापकाची आठवण दीड-दोनशे वर्षांची. त्याच्या मागचे कोणाला विचारावे?

पुण्यात माझा एक कॉलेजातला स्नेही आहे. त्याने सारा जन्म सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढला. त्याला मी मामांचा प्रश्न सांगितला. तो म्हणाला, "पुढे पाऊस कसा पडेल हे हवामान खात्याला विचार. 'पहिल्यासारखा' म्हणजे कसा, ते मात्र आम्हाला विचार." आणि त्याने मला परागकणांच्या दारात नेऊन उभे केले.

परागकण म्हटले की आपल्याला कमळ, भ्रमर आणि नाट्यगीते आठवतात. ज्यांना शिंकांचा आजार आहे त्यांना डॉक्टरांचे बिल आठवते. पण स्नेह्याने दाखविलेला पराग ह्या दोहोंहून वेगळा होता. हा कण साधारण दहापासून शंभर मायक्रॉनांचा. हजार मायक्रॉनांचा एक मिलिमीटर होतो, म्हणजे तो किती लहान हे ध्यानात यावे. परंतु ह्या एवढ्याशा जीवाला निसर्गाने जे कवच दिले आहे, ते पाहून चिलखते घडविणाऱ्यांनी मान खाली घालावी. प्रयोगशाळेत गाळावर आधी हायड्रोक्लोरिक आम्ल घालतात, त्यात चुना विरघळतो. मग दाहक अल्कली घालतात, त्यात कुजलेला पाला जातो. मग हायड्रोफ्लुओरिक आम्ल घालतात. हे आम्ल काच खाते, वाळू खाते. सर्व काही नाहीसे होते, आणि तळाशी पराग तेवढे शिल्लक राहतात! एकच गोष्ट त्यांना सोसत नाही, ती म्हणजे हवा. उघड्यावर वाळले-भिजले की ते झिजून जातात. पाण्याखालच्या गाळात, जेथे हवा पोचत नाही तेथे, ते लाखो वर्षे पडून राहू शकतात.

आणि प्रत्येक जातीचा कण निराळा. स्नेह्याने त्याच्याजवळच्या काचपट्ट्या मला एकामागून एक दाखविल्या. बाभळीचे कण सोळा-सोळा एकत्र चिकटलेले, जणू लहानसा मोदकच. गवताचा कण गोल, आणि त्याला एकच भोक. ज्वारीही गवताच्याच कुळातली, म्हणून तिचाही तसाच, पण अंगाने थोर. मक्याचा त्याहून मोठा. सूर्यफुलाच्या कुळातल्या कणांना सर्वांगावर काटे. "हे आमचे मुळाक्षर," तो म्हणाला. "दरवर्षी तळ्याकाठची झाडे फुलतात, पराग पाण्यावर पडतात, तळाशी बसतात, त्यांच्यावर पुढल्या वर्षाचा गाळ बसतो. खालचा थर जुना, वरचा नवा. नळी घालून हा गाळ उभाच्या उभा बाहेर काढायचा, थराथरातले तीनतीनशे कण मोजायचे, आणि त्या त्या काळी काठावर कोणते रान होते ते वाचायचे." ही युक्ती पद्धतशीरपणे प्रथम मांडली ती स्वीडनच्या लेन्नार्ट फॉन पोस्ट ह्यांनी, १९१६ साली.

"पण थर किती वर्षांचा, हे कसे कळते?" मी विचारले. येथे त्याने मला दोन हिशेब समजावून दिले. एक हिशेब फार जुन्या काळाचा. काही वनस्पती पृथ्वीवर ठराविक युगातच होत्या. त्यांचा पराग सापडला की त्या थराचे युग ठरले. नाण्यावर राजाचा छाप पाहून आपण खापराच्या ढिगाचा काळ सांगतो, तसेच हे. आपल्या पायाखालचा काळा दगड, ज्याने वालूरची बारव बांधली आहे, तो ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. एक लाव्हा येऊन थिजायचा, मधल्या निवांत काळात त्याच्यावर तळी साचायची, आणि पुन्हा दुसरा लाव्हा ती तळी झाकून टाकायचा. ह्या मधल्या तळ्यांचा गाळ आजही दगडांच्या थरांमध्ये दबून आहे. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानी ह्यांनी छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगावकलाँ येथील वनस्पती-अवशेषांवरून ह्या दगडाचे वय बरेच अलीकडचे, डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतरचे, मानले होते. पुढे अशाच थरांत पंख पसरलेल्या गरुडासारखा दिसणारा एक पराग सापडला. त्याचे नावही गरुडावरूनच ठेवलेले आहे, अक्विलापोलेनाइट्स. हा डायनोसॉरांच्या युगाच्या अखेरीचा रहिवासी. इतर पुरावेही त्याच बाजूला पडले, आणि दख्खनच्या ह्या लाव्ह्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास जाऊन बसले. डोळ्यांना न दिसणारा कण एवढ्या मोठ्या पठाराच्या जन्मपत्रिकेत साक्षीदार म्हणून उभा राहिला!

दुसरा हिशेब अलीकडच्या काही हजार वर्षांचा. येथे युगायुगाचे छाप उपयोगी पडत नाहीत, कारण बाभूळ तेव्हाही बाभूळच होती. म्हणून गाळातले पान, लाकडाचा तुकडा असे काही घेऊन त्यातल्या किरणोत्सर्गी कार्बनावरून वय काढतात. तो कार्बन ५,७३० वर्षांत निम्मा होतो. वर्ष सांगतो कार्बन, आणि त्या वर्षी काय होते ते सांगतो पराग. एक तारीख घालतो, दुसरा मजकूर लिहितो. अशी ही रोजनिशी.

"मग वालूरची रोजनिशी कोठे मिळेल?" असे मी उतावीळपणे विचारले. तो हसला. नद्यांच्या काठची रोजनिशी वाचणे कठीण, असे त्याने सांगितले. दुधना काय, पूर्णा काय किंवा गोदावरी काय, पूर आला की वरच्या अंगाचा जुना गाळ उचलून खालच्या अंगाच्या नव्या गाळावर आणून टाकते. पाने उलटीसुलटी होतात. आपली काळी माती तर आणखी खट्याळ. उन्हाळ्यात तिला हात हात भेगा पडतात, वरची माती भेगांतून खाली जाते, पावसात ती फुगते. ती स्वतःच स्वतःला नांगरते. शिवाय भेगांतून हवा शिरते आणि पराग नाहीसे होतात. रोजनिशी हवी तर पाणी स्थिर पाहिजे, खोल पाहिजे, आणि तळाशी हवा नको. "असे एक तळे तुझ्या मामांच्या उशाशी आहे," तो म्हणाला. "लोणार."

वालूरहून लोणार सरळ रेषेत साधारण पन्नास-साठ किलोमीटर, उत्तरेला, मंठ्याच्या पलीकडे. आकाशातून आलेल्या उल्केने काळ्या दगडात पाडलेला सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा, आणि त्यात खारे पाणी. लहानपणी मामांनीच बैलगाडीतून मला तेथे नेले होते. ह्या तळ्याच्या तळातून २००८ साली भारतीय व जर्मन शास्त्रज्ञांनी सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला. ह्या दहा मीटरांत सुमारे अकरा हजार वर्षे मावली होती! आधी त्यांनी आजच्या काठावरचे रान आणि आज पडणारे पराग ह्यांचा मेळ घातला, म्हणजे जुन्या परागांचा अर्थ लावताना फसगत होऊ नये. मग पराग, खनिजे आणि गाळातल्या रासायनिक खुणा अशा सर्वांच्या साक्षी एकत्र केल्या. त्यातून निघाले ते असे : आरंभीची काही हजार वर्षे पाऊसपाणी चांगले. पुढे दोन मोठे कोरडे कालखंड. एक ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, आणि दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. तळे आटून आटून इतके तीव्र झाले होते, की गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक त्या काळच्या थरांत जमले.

हे ऐकून मी मामांना सांगायला वालूर गाठले. सोबत कागदावर आकडे लिहून नेले होते. मामांनी सारे शांतपणे ऐकले आणि पहिलाच प्रश्न असा केला, की माझी धांदल उडाली. "दोन हजार वर्षांपूर्वी म्हंजी कधीपासून मागं? औंदापासून का?" स्नेह्याने हे मला सांगून ठेवले होते म्हणून निभावले. ह्या शास्त्रात 'आज' म्हणजे १९५० साल. त्याच्यापासून मागे मोजावयाचे, असा जगभरचा संकेत आहे. मामा खूप हसले. "म्हंजी त्यांचं पंचांग तवाच अडकलं म्हण की! बरं झालं. तवा आमच्या इहिरीला पाणी होतं."

हिशेब केला तर दुसरा कोरडा कालखंड इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास सुरू होतो आणि चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जातो. आणि येथे माझ्या मनात लख्ख उजेड पडला. सातवाहनांचे पैठण ह्याच काळातले. वेरूळची लेणी ह्याच काळातली. देवगिरीचे यादव ह्याच कालखंडाच्या शेवटी होऊन गेले, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी बारवा यादवांच्या काळातल्या मानल्या जातात. म्हणजे आपण ज्याला वैभवाचा काळ म्हणतो, त्या काळात लोणारचे तळे आटत होते! चौदाशे वर्षे सलग थेंब पडला नाही असा ह्याचा अर्थ नव्हे; बरीवाईट वर्षे तेव्हाही येत असणार. पण पाऊस बेभरवशाचा असताना माणसांनी ह्या कठीण दगडात वळसे घेत पायऱ्या उतरविल्या. स्नेह्याने पुढे मला बजावले, "हे तुझे अनुमान, गाळाचे नव्हे." मी ते मान्य करतो. पण अनुमान मला सोडवत नाही.

मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजी पाणी नव्हतं तवा लोकांनी बारव बांधली. आन् घरात नळ आला, बोअर आली, तवा आपण ती बुजू दिली." मी तीन महिने पुस्तके चाळून जे वाक्य शोधीत होतो, ते मामांनी बाजेवर बसून उच्चारले.

त्यांच्याच विहिरीचा मूठभर गाळ मी सुपारीच्या डब्यात घालून पुण्याला नेला होता. स्नेह्याने तो उघडूनही पाहिला नाही. वरचा ओरबाडलेला चिखल त्याच्या कामाचा नव्हे; थर शाबूत हवेत. पण त्या निमित्ताने त्याने जे सांगितले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. विहिरीतल्या गाळाचे वय काढले म्हणजे विहिरीचे वय मिळत नाही. पूर्वी विहिरी वेळच्या वेळी उपसल्या जात. मग आज जो गाळ आहे, तो उपसणे बंद झाल्यानंतरचा. त्यात मक्याचा पराग तळापर्यंत सापडला, तर तो गाळ मका अमेरिकेतून आपल्याकडे आल्यानंतरचा. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली. गाजरगवताचा काटेरी कण तळाशी सापडला, तर गोष्ट आणखी अलीकडची. ते गवत पुण्याजवळ ध्यानात आले १९५५ च्या सुमारास, आणि मग साऱ्या देशभर पसरले. म्हणजे विहिरीच्या गाळाचे वय हे आपल्या विसरण्याचे वय. आपण नेमके कधी पाठ फिरविली, त्याची नोंद त्या तळाशी कोणीतरी प्रामाणिकपणे ठेवीत बसले आहे!

पाऊस पहिल्यासारखा होईल का, ह्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले नाही, आणि मामांना मी ते तसेच सांगितले. पराग मागचे सांगतो, पुढचे सांगत नाही. शिवाय पूर्वीच्या कोरड्या काळात धूर ओकणारे कारखाने नव्हते. आजची हवा माणसाने तापविलेली आहे, तेव्हा जुना दाखला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. एवढे मात्र खरे, की 'पहिला पाऊस' नावाचा एकच पाऊस कधी नव्हता. ह्या भूमीने ओले काळ पाहिले, कोरडे पाहिले, आणि दोन्हींत माणसे येथे राहिली.

मुले गणपतीला गावी आली तेव्हा मीही गेलो होतो. जमिनीचा विषय निघाला. मामा म्हणाले, "येत्या वैशाखात इहीर उपसतो. पाणी लागलं तर एक वरीस थांबा. न्हाई लागलं तर तुम्ही म्हणाल तसं." थोरला काही बोलला नाही. धाकट्याने सातबाऱ्याचे कागद पिशवीतून काढले आणि मामींच्या हाती दिले. मामींनी ते पुन्हा कपाटात ठेवले. ही हार कोणाची आणि जीत कोणाची, हे ठरविण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

मग मामा माझ्याकडे वळले. "आन् तुझ्या त्या मित्राला म्हणावं, उपसायच्या आधी ये. एकदा यंत्र लावलं की थर राहायचे न्हाईत." ज्या माणसाची जमीन त्या गाळाखालच्या पाण्यावर अडली आहे, तो माणूस आधी गाळ वाचू द्यायला तयार झाला, ह्याचे मला अजून नवल वाटते. स्नेहीही तयार आहे. त्याने एक नळी बघून ठेवली आहे.

परवाच मामांचा फोन आला. दिवाळीच्या चौकशा झाल्या, अनारसे बिघडल्याचे मामींनी मागून सांगितले. शेवटी मामा म्हणाले, "काल बांबू घालून बघितला इहिरीत. बारा हात गेला, तळ लागला न्हाई. नळी लांब आणाया सांग."